जुनी गाडी आणि चौथा हिस्सा

आपल्या वसाहतींमधून संध्याकाळी फेरफटका मारला, तर विहाराच्या भिंतीलगत, चाळीच्या तोंडाशी दोन-चार चारचाकी गाड्या हमखास उभ्या दिसतात. त्यांतल्या बहुतेक जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या असतात. घेणारा कुणी रंगकाम करणारा, कुणी कंत्राटी सफाई कामगार, तर कुणी आमच्यासारखा कारकून. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, पण गरज आहे. म्हणून जुनी घ्यायची. याला चैन म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आमचा वाद आहे. १९०१ साली मसूर स्टेशनावर दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान गाडी हाकायला तयार झाला नाही आणि पोरांनाच बैलगाडी हाकावी लागली. त्या पोरांमध्ये जेमतेम नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब होते. त्या समाजाच्या दारात आज स्वतःची गाडी उभी आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

पण अभिमान वेगळा आणि हिशेब वेगळा. गाडी घेताना मोजलेल्या पैशांची चर्चा सगळी वसाहत करते. गाडी राखताना मोजाव्या लागणाऱ्या पैशांविषयी कुणी बोलत नाही. कारकुनीमुळे जमाखर्च लिहून ठेवायची सवय आम्हाला आहे. म्हणून आमच्या घरचाच हिशेब वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

आमच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. आम्ही कल्याण पूर्वेला राहतो आणि रुग्णालय नवी मुंबईच्या बाजूला आहे. चार तास यंत्राला लागून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला लोकलच्या गर्दीत चढवणे शक्य नव्हते. रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे पगारात बसत नव्हते. शिवाय रात्री उशीर झाला आणि आमच्या वसाहतीचे नाव सांगितले, की "तिकडे येत नाही" म्हणून रिक्षा पुढे निघून जायची. २०२३ चा वर्षावास संपल्यावर घरात विचार झाला आणि जुनी गाडी घ्यायचे ठरले.

गाडी घेतली ती पाहून-सवरूनच. २०१३ सालची, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी छोटी गाडी, ८२ हजार किलोमीटर चाललेली, मालक एक निवृत्त गृहस्थ. ओळखीचे मिस्त्री बरोबर होते. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला, पत्र्याखालचा गंज आणि ठोकल्याच्या खुणा तपासल्या. इंजिन खणखणीत होते. एक लाख साठ हजारांना सौदा झाला. एक लाख पतपेढीचे कर्ज, बाकीचे घरचे. विमा, नावावर करण्याचा खर्च आणि पहिले सर्व्हिसिंग वेगळे धरले होते. त्याशिवाय अडीअडचणीला म्हणून वीस हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते.

पहिला महिना सुखाचा गेला. मग एकेक खर्च दारात येऊन उभा राहू लागला. थंडीत एका सकाळी गाडी चालूच होईना. बॅटरी गेली होती, ४,२०० रुपये. टायरची नक्षी शाबूत होती, पण रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडू लागल्या. चार टायरचे १२,८०० रुपये. माणसे भरून पूल चढताना इंजिन नुसते ओरडायचे आणि गाडी पुढे ओढायची नाही. क्लच बदलला, ७,६०० रुपये. खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकांतून खडखड यायची. तिथले आर्म आणि रबरी बुश, ६,३०० रुपये. मार्च महिन्यात काटई नाक्याजवळच्या कोंडीत, आई मागच्या सीटवर ग्लानीत पडलेली असताना, गाडी तापून बंद पडली. रेडिएटर आणि पाण्याचा पंप, ५,८०० रुपये. एप्रिलमध्ये ब्रेक, ४,९०० रुपये. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्यावी लागते, तिची मुदत मे महिन्यात आली, २,४०० रुपये. सात महिन्यांची बेरीज झाली ४४,००० रुपये. म्हणजे गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहूनही अधिक!

हे ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, "तुम्हाला फसवलं!" तसे काही नव्हते. विकणाऱ्याने काही लपवले नव्हते आणि मिस्त्रींचे पाहणेही चोख होते. मुळात जुनी गाडी अशीच असते. बॅटरी साधारण तीन-चार वर्षे चालते. रबराचे भाग गाडी नुसती उभी राहिली तरी उन्हापावसाने सुकतात. क्लच आणि ब्रेक वापराने झिजतात. ज्याला गाडी विकायची असते तो शेवटच्या वर्षभरात नवा खर्च करीत नाही. आपणही आपली वस्तू विकताना तेच करतो. अशी ही तटलेली कामे गाडीबरोबर नव्या मालकाच्या दारात येतात. त्यांतले बरेचसे सौद्याच्या दिवशी दिसत नाही. दोन माणसांनी सपाट रस्त्यावर चार किलोमीटर गाडी फिरवली तर क्लच घसरत नाही आणि रेडिएटर तापत नाही. ते दिसते चार माणसे बसवून पूल चढताना आणि वाहतुकीच्या कोंडीत अर्धा तास उभे राहिल्यावर.

आता प्रश्न पैशाचा. बाजूला ठेवलेले वीस हजार फेब्रुवारीतच संपले. पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जात होता. घरात मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे होते, पण त्यांना हात लावायचा नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवले. गाडीपायी पोरीचे शिक्षण थांबले, तर त्या गाडीला आग लागो! नाक्यावर महिना शेकडा पाच दराने पैसे देणारा सावकार होता. पाच रुपये ऐकायला थोडे वाटतात. वर्षाचे ते शेकडा साठ होतात. शेवटी आमच्या पत्नीने आपल्या महिला बचत गटातून महिना शेकडा दोन दराने पंधरा हजार उचलले. व्याज तिथेही आहेच, पण ते आपल्याच वस्तीतल्या भगिनींच्या पेटीत जाते. उरलेले नऊ हजार ओव्हरटाइममधून उभे केले, आणि त्यात काही वाटा आमच्या धाकट्या चिरंजीवांचा होता. तो कसा आला, ते सांगण्यासारखे आहे.

मिस्त्रींनी सांगितले होते, की पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत आणि मागच्या एका चाकात ब्रेक ऑइल झिरपते आहे. त्याच आठवड्यात १४ एप्रिल आला होता. चिरंजीवांनी वर्षभर पैसे साठवले होते ते नवे सीट कव्हर, गाणी वाजवायचा संच आणि मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' यांसाठी. तो म्हणाला, "बाबा, मिरवणुकीत सगळ्यांच्या गाड्या सजलेल्या असतील. आपल्याच गाडीनं काय पाप केलंय? ब्रेक लागतायत की अजून!" आम्ही काही बोलण्याआधी खाटेवरून आई म्हणाली, "अरे, काचेवर बाबांचं नाव लिहिशील आणि गाडी थांबलीच नाही तर लोक कुणाच्या नावानं बोलतील? आधी थांबायची सोय कर. नाव मग लिही." पोरगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून गॅरेजात आला आणि साठवलेले पैसे त्याने मिस्त्रींच्या हातावर ठेवले.

त्या रात्री आम्ही त्याला बाबासाहेबांची चाळीसगावची हकीकत सांगितली. ती आजच्या तरुणांनी पुन्हा वाचावी म्हणून येथे थोडक्यात देतो. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. चाळीसगावच्या महारवाड्यातील मंडळींनी त्यांना एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावरून वस्तीत न्यायला टांगा हवा होता. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या माणसांना सोसेना. शेवटी टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, हाकायचा मात्र त्यांनीच. हाकायला बसलेल्या आपल्या माणसाला टांग्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीपाशी चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. आपला मान राखण्याच्या धडपडीत या भल्या माणसांनी आपला जीवच धोक्यात घातला होता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

त्या माणसांना बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. पण आज आपल्यापुढे मार्ग आहे. मान आणि जीव या दोहोंतून एकच निवडावे अशी वेळ आज आपल्यावर कुणी आणलेली नाही. मग सीट कव्हरला पैसे आहेत आणि ब्रेकला नाहीत, असे आपल्या घरात का व्हावे?

तथागतांनी गृहस्थांना केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग आपत्तीच्या वेळेसाठी राखून ठेवायचा. आमच्या वहीतली बेरीजही त्या चौथ्या हिश्श्याजवळच येऊन थांबली, याचे आम्हाला नवल वाटले. जुनी गाडी घेणाऱ्याने हाच नियम धरावा. हाताशी दोन लाख असतील तर दीड लाखाचीच गाडी बघावी आणि पन्नास हजार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखावेत. खर्चाचा क्रमही आधीच ठरवून ठेवावा: प्रथम ब्रेक आणि टायर, मग क्लच आणि पाणी, त्यानंतर बाकी सारे. सजावट शेवटी. टायरच्या बाजूवर तो बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचायला मिस्त्री लागत नाही.

दुसरे, कागदपत्रांकडे काणाडोळा करू नये. सह्या केलेले कोरे फॉर्म खिशात ठेवून वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ घ्यावा. जुने दंड थकलेले आहेत का ते पाहावे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले, की अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईला जबाबदार. तेव्हा आपली जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पैसे मिळाले म्हणजे गाडी सुटली असे होत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते आणि २०२२ साली त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते, ती याच कारणाने.

आमची गाडी आजही धावते आहे. आईच्या फेऱ्या होतात आणि अडल्या वेळी शेजारच्या बाळंतिणीलाही ती उपयोगी पडली आहे. बचत गटाचे पंधरा हजार फिटले. आता दरमहा दीड हजार रुपये गाडीच्या नावाने वेगळे पडतात, दुरुस्ती निघो वा न निघो. ज्या महिन्यात काही निघत नाही, तो महिना पुढच्या टायरची सोय करून जातो. आपल्या समाजाने दारात गाडी आणली, फार चांगले झाले. ती चालती राहावी, वेळेवर थांबावी आणि आतली माणसे सुखरूप घरी यावीत, एवढ्यासाठी प्रत्येक घराने एक वही घालावी, इतकेच आमचे सांगणे आहे.

जय भीम!