बुशांची निवड

मोठ्या वस्तूंची निवड करताना माणूस जेवढा विचार करतो, त्याचा शतांशही लहान वस्तूंच्या वाट्याला येत नाही. मोटार घ्यावयाची झाली, म्हणजे रंगापासून मुहूर्तापर्यंत सारे घर चर्चेला बसते. पण त्याच मोटारीच्या पोटाखाली मुठीत मावेल एवढी जी रबरी नळी असते, तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. या नळीला कारखान्याच्या भाषेत ‘बुश’ म्हणतात. गेल्या पावसाळ्यानंतर या क्षुद्र वस्तूने आमच्या घरातील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांस आठ दिवस विचार करावयास लावले, म्हणून तिची हकीकत आमच्या विद्यार्थी मित्रांस सांगावीशी वाटते.

आमचे धाकटे बंधू बेळगावच्या बाजारातून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात पोचवितात. त्यांची पिकअप गाडी जीपच्या घडणीची असून चांगली अठरा वर्षांची आहे. पुढे आणि मागे, चारही चाकांवर पोलादी पाटे. या गाडीवर दोन चुली पेटतात. पावसाळा सरला आणि गाडी बोलू लागली. प्रत्येक खड्ड्याला ‘ठक्’ असा आवाज येई; ब्रेक लावताच ती किंचित डावीकडे ओढे; आणि घाटातील वळणावर मागचा भाग क्षणभर उशिराने वळतो, असे बंधू सांगत. सपाट रस्त्यावर ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. परंतु एका अंगाला दरी आणि पाठीवर मालाचे ओझे असताना तो क्षणभराचा उशीर कोणाच्या जिवावर बेतेल, हे सांगता येत नाही.

उद्यमबागेतील मेस्त्रींनी गाडीखाली पडून पहार लावून पाहिली आणि ‘बुश संपले’ एवढेच निदान केले. त्याचा अर्थ असा. पाट्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा चॅसिसला पक्का जोडलेला असतो. दुसरा ‘शॅकल’ नावाच्या झुलत्या जोडपट्टीत अडकविलेला असतो. कारण भार पडला की पाटा सरळ होऊन लांबतो आणि त्या लांबण्यास वाव हवा असतो. या डोळ्यांत बुश आणि बुशातून बोल्ट. चाकांचा आस जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही हेच पाटे करतात. म्हणून बुश झिजला की आस मागेपुढे सरकू लागतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला खेचली जाते.

नवे बुश घालावयाचे, हे ठरले. कोणते, हे मात्र ठरेना. मेस्त्रींनी फळीवर तीन मांडले. पहिला रबरी. यात आत एक आणि बाहेर एक अशा दोन पोलादी नळ्या असून त्यांच्यामध्ये रबर चिकटविलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी स्थिर होते आणि पाट्याच्या हालचालीबरोबर रबर केवळ पिळले जाते. काहीच घासत नाही, म्हणून वंगणही लागत नाही. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबराला गंधकाबरोबर उष्णता देऊन त्यास टिकाऊपणा आणला नसता, तर उन्हात मऊ होणारे आणि थंडीत ताठरणारे कच्चे रबर या कामी आले नसते. तेल, ऊन आणि वय हे मात्र त्याचे शत्रू.

दुसरा पॉलियुरेथेनचा. हा पदार्थ जर्मनीत ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ साली सिद्ध केला. तो रबराहून कठीण, तेलाला दाद देत नाही, टिकतो दीर्घकाळ. परंतु तो पिळला न जाता नळीभोवती फिरतो. त्यास योग्य ते ग्रीस मिळाले नाही, तर कुरकुरतो. तिसरा गनमेटलचा. ओझे वाहण्यास खंबीर. पण त्याला नेमाने ग्रीस पाजावे लागते आणि धक्का शोषणे त्याच्या स्वभावात नाही.

बंधूंचा कल पॉलियुरेथेनकडे होता. “दादा, एकदा कडक बुश घातला की कायमची कटकट मिटली,” असे ते म्हणाले. त्यावर मेस्त्री हसले. “सर, कडक म्हंजे मजबूत न्हवं. धक्का कुठं तरी जिरायलाच पायजे. बुशात नाही जिरला, तर चॅसिसमधी जिरंल.” पदार्थविज्ञानाचे एक प्रकरण या माणसाने दोन वाक्यांत संपविले होते! प्रश्न ‘उत्तम बुश कोणता’ हा नव्हताच. अठरा वर्षांच्या चॅसिसला, खड्ड्यांच्या रस्त्याला आणि टोमॅटोच्या करंड्यांना मानवेल असा कोणता, हा होता. शर्यतीच्या गाडीचे भूषण ते मालगाडीचे दूषण ठरू शकते. पहाटे तीनला निघणारा माणूस नेमाने ग्रीस भरीत बसेल, हेही संभवत नव्हते. आम्ही रबरी बुश पसंत केला.

पण रबरी म्हणजे कोणताही नव्हे. एका दुकानातील स्वस्त नमुना पाट्याच्या डोळ्यात हाताने सहज शिरला. मेस्त्रींनी तो तत्काळ परत करविला. बाहेरची नळी दाबयंत्रानेच बसली पाहिजे, नाहीतर ती डोळ्यातच फिरू लागते. मग व्हर्नियर घेऊन डोळ्याचा व्यास, बुशाची लांबी, बोल्टाची जाडी, सारे मोजले. आमच्या पुतण्याने वर्गातले व्हर्नियर प्रथमच कामास आलेले पाहिले. दोन बोल्टांवर खाचा पडल्या होत्या, तेही बदलले. एका बाजूचे चांगले दिसणारे बुशही काढले, कारण एक नवा व एक जुना असला की गाडी समतोल राहत नाही.

बसविताना गाडी जॅकवर असतानाच शिकाऊ पोराने बोल्ट आवळावयास घेतला. मेस्त्रींनी त्याचा हात धरला. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही त्या पिळातच राहते. असे रबर लवकर फाटते. म्हणून गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन पाट्यांवर येऊ देऊन, मगच बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी बंधू घाट उतरून गेले आणि तेथूनच त्यांचा फोन आला : “दादा, ब्रेक लावला की गाडी सरळ उभी राहते.” आमच्या मातोश्रींनी त्या रात्री देवापुढचा दिवा नेहमीपेक्षा निश्चिंतपणे लावला. काही दिवस गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासून घ्या, असे मेस्त्रींनी बजावले आहे. पुतण्याने ती तारीख दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविली आहे.