मुलुंडास बिऱ्हाड

पुण्याचे बिऱ्हाड मोडून मुलुंडास जावयाचे ठरले, तेव्हा जागा पाहून येऊन खर्चाचा तक्ता मीच मांडला. गाव मनास आले: १९२२ साली आखलेले सरळ, काटकोनी रस्ते, आणि १८५३ पासूनचा लोहमार्ग हाताशी. मालमोटार व हमाल यांचा आकडा सहज बसला. अनामत, दलाली व अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी यांनी मात्र शिल्लक निम्मी केली. (नोंदणीची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकली आहे, खर्च बहुधा भाडेकरूच्याच माथी!) चिरंजीवांचे रोजचे दोन तास बोरीबंदरास जाण्यायेण्यात जाणार, ते कोणत्या रकान्यात लिहावे, हे सुचेना.

शेवटी झोपाळा उरला. तो नव्या जागेत मावत नव्हता. मातुश्री म्हणाल्या, "झोपाळा धाकट्याकडे राहू दे. देव माझ्या मांडीवर येतील."

देवांच्या वाहतुकीपुढे मी शून्य मांडले.