कर्कस्टोनच्या खिंडीत

इंग्लंडच्या सरोवर-प्रांतातली कर्कस्टोनची खिंड जेमतेम साडेचारशे मीटर उंच. आपल्या खंडाळ्याहूनही ठेंगणी! पण ऑक्टोबरातला तिथला वारा हाडांत शिरतो. दाजींची १९६२ सालची मॉरिस मायनर खिंडीत थांबवून आम्ही सरोवर पाहिले. परतलो, तर गाडी ढिम्म! स्टार्टर फिरे, इंजिन पेटेना. दिवस मावळत होता आणि मागे आई दोन शालींतही कुडकुडत होती.

“दाजी, थांबा, बॅटरी उतरेल,” मी म्हटले. या गाडीचा पेट्रोलपंप विजेवर चालतो. किल्ली फिरवताच टिकटिकतो. कान दिला, तर सारे शांत! पंपाचे पॉइंट चिकटले असावेत. पान्याच्या दांड्याने पंपाला हलकेच ठोकले आणि टिकटिक सुरू झाली. इंजिन पेटले!

पण हीटर थंडच. त्याला ऊब मिळते इंजिनातल्या गरम पाण्याची. आणि त्या पाण्याची चावी दाजींनी उन्हाळ्यात बंद केली होती, ती तशीच! फडक्याने धरून ती उघडली. हळूहळू पायांशी ऊब आली.

“अगं बाई,” आई म्हणाली, “म्हणजे हा आपल्या न्हाणीघरातला बंबच की!”