दगडातले पान

आमच्या टेबलावर तळहाताएवढा एक चपटा दगड असतो. रंगाने फिकट तपकिरी, आणि त्यावर काळ्या रेघांची नाजूक, फांद्या फुटलेली नक्षी. सेमिनरीत असताना एका सहाध्यायाने सुटीहून परतताना तो आम्हांस आणून दिला होता. 'लाखो वर्षांपूर्वीचे नेच्याचे पान' असे त्याने सांगितले आणि आम्ही ते मानले. पुढे ज्या ज्या धर्मग्रामात आमची नेमणूक झाली, तेथे तो दगडही आला. धर्मशिक्षणाच्या वर्गात निर्मितीचा पाठ निघाला की तो मुलांच्या हातांतून फिरे. मुले श्वास रोखून पाहत आणि आम्हांस धन्यता वाटे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मुलांना घेऊन आम्ही सिद्धेश्वर येथे गेलो. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर हे धरण आहे. उन्हाळ्यामुळे पाणी बरेच ओसरले होते आणि काठावरचा कातळ उघडा पडला होता. महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणारे आमचे एक स्नेही सोबत होते. 'जीवाश्म शोधा' असे आम्हीच मुलांना सांगितले होते. त्यामुळे तासाभरात त्यांच्यापुढे दगडांचा ढीग जमला.

प्रथम आले गोल गोटे. 'डायनासोरची अंडी!' मुले ओरडली. सरांनी हातोडीचा हलका घाव घातला, तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थर सुटून आले. काळ्या पाषाणाला चिरा पडतात, चिरांतून पाणी मुरते, कोपरे आधी झिजतात आणि उरतो तो गोटा. खऱ्या अंड्याच्या कवचाला ठरावीक जाडी असते, त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. असे थरावर थर नसतात. मग आले 'दात': पांढरे, चमकदार, टोकदार. तेही दात नव्हते. लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत गारगोटीचे आणि झिओलाइटचे स्फटिक वाढले, ते हे.

शेवटी आठवीतला एक मुलगा धावत आला. त्याच्या हातातील दगडावर काळी, फांद्यांची नक्षी होती. 'फादर, अगदी तुमच्यासारखे! नेच्याचे पान!'

सरांनी दगड उन्हात धरला. 'पानाला मधली शीर असते. दोन्ही बाजूंना पर्णिका क्रमाने लागतात आणि टोकाकडे लहान होत जातात. येथे ती शीर दाखव बरे.' मुलगा शोधत राहिला. शीर नव्हती. रेघा भेगेच्या कडेपासून सुटून वाटेल तशा फाटत गेल्या होत्या. मँगनीजचे क्षार मिसळलेले पाणी दगडाच्या भेगेत झिरपते आणि मागे अशी झाडासारखी नक्षी उरते. शास्त्रज्ञ तिला डेंड्राइट म्हणतात. तिच्यात जीव कधीच नव्हता.

'आणि दगड कोणता आहे, हे आधी विचारावे,' सर पुढे म्हणाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हजार अंशांहून अधिक तापलेला रस वाहत आला, त्याचा हा कातळ झाला. त्यात पान टिकेल कसे? मात्र दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात जीव पुरले गेले. मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. गोदावरीच्या आणि मांजरेच्या काठच्या जुन्या गाळातही हत्तींची हाडे सापडली आहेत. हाड मोडल्या कडेला जाळीदार दिसते; कित्येकदा जिभेला लावले तर चिकटते. तेव्हा कातळ असो की गाळ, आधी जागा पाहावी, मग आकार.

मुलाने आमच्याकडे पाहिले. त्याचे पान खोटे ठरले, तर आमचेही खोटे ठरत होते. आम्ही काहीच बोललो नाही.

परतल्यावर रात्री आम्ही भिंग घेऊन बसलो. आमच्या पानालाही शीर नव्हती. इतक्या वर्षांत आम्ही ती एकदाही शोधली नव्हती. मनात आले, दगड खणात ठेवून द्यावा, कोण विचारणार? त्या वेळी निकोलस स्टेनो यांची आठवण झाली. १६६६ साली लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्क माशाचे डोके फ्लॉरेन्स येथे त्यांच्याकडे तपासणीस आले. खडकांत मिळणाऱ्या ज्या दगडांना लोक 'दगडी जिभा' म्हणत, ते शार्कचे दात आहेत, हे त्यांनी पुढच्या वर्षी मांडले; आणि घन खडकाच्या पोटात दुसरी घन वस्तू शिरली कशी, याची मीमांसा १६६९ साली ग्रंथरूपाने केली. हाच मनुष्य पुढे कॅथोलिक धर्मगुरू झाला, १६७७ साली बिशप झाला आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. नीट पाहणे हा त्यांच्या भक्तीच्या आड येणारा उद्योग नव्हता. आमच्या खणाने मात्र आम्हांस लाज आणली असती.

रविवारी वर्गात आम्ही तो दगड पुन्हा फिरवला आणि तो जीवाश्म नाही, हे सांगितले. एका मुलीने विचारले, 'मग फादर, इतकी वर्षे तुम्ही खोटे सांगत होता?'

'खोटे नव्हे, न तपासलेले,' आम्ही म्हणालो. परंतु शब्द ओठांतून जाताच जाणवले, की ऐकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्या दोहोंत फारसे अंतर नाही. म्हणून आम्ही तिची क्षमा मागितली. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. मग तो आठवीतला मुलगा उठला आणि स्वतःचा दगड आमच्या दगडाशेजारी ठेवून गेला.

त्या मुलांना आम्ही पिसदुऱ्याची हकिकत सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या या गावच्या जमिनीत ओबडधोबड, मातकट गोळे मिळतात. ती अश्मीभूत विष्ठा आहे. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्या परिसरातील जीवाश्म गोळा केले. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळीही गवत होते, हे कळले. आमचे देखणे पान पान नव्हते. तो कुरूप गोळा मात्र साक्षीदार निघाला.

वाचकहो, आपल्या मुलाने असा दगड आणला तर त्याला उडवून लावू नका आणि लगेच शाबासकीही देऊ नका. कोठे मिळाला, कातळात की गाळात, हे त्याला वहीत लिहावयास सांगा. खरोखर हाडासारखे काही जमिनीत रुतलेले दिसले तर ते उकरू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या आणि जाणकारांना कळवा. जागेवरून हलवलेल्या जीवाश्माची अर्धी साक्ष हरवते.

ते दोन्ही दगड आता टेबलावर शेजारी शेजारी असतात. पाहुणे विचारतात, 'फादर, ही नेच्याची पाने का?' आम्ही भिंग पुढे करतो आणि म्हणतो, 'मधली शीर सापडते का पाहा.'