सिएरा नेवाडातील पाणी आणि मुक्काम

कॅलिफोर्नियातील ‘सिएरा नेवाडा’ या स्पॅनिश नावाचा अर्थ हिमाच्छादित पर्वतरांग. या रांगेतील ‘जॉन म्यूर ट्रेल’ ही पायवाट योसेमिटी दरीतून निघते आणि सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून माउंट व्हिटनी या ४,४२१ मीटर उंचीच्या शिखरावर संपते. निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर यांचे १९१४ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ या वाटेचे काम सुरू झाले व ते १९३८ मध्ये पूर्ण झाले.

संपूर्ण वाट चालण्यास साधारणतः तीन आठवडे लागतात. बहुतेक टप्प्यांत ना धर्मशाळा, ना दुकान. तंबू आणि शिधा पाठीवरच वाहावा लागतो. त्यामुळे पदयात्रीपुढे रोज दोन प्रश्न उभे असतात : पाणी कोठे मिळेल आणि रात्र कोठे काढावी?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. अधिक घेतले तर चढावर खांदे भरून येतात, कमी घेतले तर जिवावर बेतते. म्हणून जाणते यात्री ओढ्याकाठी पोटभर पाणी पितात आणि पुढील ओढ्यापर्यंत पुरेल एवढेच सोबत घेतात. जुलैमध्ये वितळत्या बर्फामुळे पाणी जागोजागी वाहते. सप्टेंबरपर्यंत लहान ओढे आटतात, तलाव मात्र टिकून राहतात. नकाशावरील निळ्या रेघेवर विसंबण्यापेक्षा समोरून येणाऱ्या वाटसरूला विचारणे शहाणपणाचे ठरते. पश्चिमेकडून व्हिटनी चढताना सुमारे ३,५०० मीटरवरील गिटार लेक हे पाण्याचे शेवटचे खात्रीचे ठिकाण. तेथे बाटल्या न भरता निघालेल्याला पुढचा सुमारे ९०० मीटरचा चढ कोरड्या घशाने चढावा लागतो.

हे पाणी स्फटिकासारखे दिसले, तरी त्यात जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवी असू शकतो. पोट बिघडते ते एक-दोन आठवड्यांनी, त्यामुळे कारणही चटकन ध्यानात येत नाही. आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याची शिस्त आहे. परंतु या परजीवीला कापडाचे गाळणे अडवीत नाही. त्यासाठी अतिसूक्ष्म छिद्रांचा फिल्टर लागतो, किंवा पाणी उकळावे लागते. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळते, म्हणून २,००० मीटरच्या वर ते तीन मिनिटे खळखळ उकळू द्यावे.

मुक्कामासाठी नवख्याचे मन तलावाच्या अगदी काठाशी ओढ घेते. अनुभवी यात्री मात्र पाण्यापासून किमान ३० मीटर दूर तंबू लावतात. सखल काठावर रात्री गार, दमट हवा साचते, तंबू आतून ओला होतो आणि डासही छळतात. शिवाय त्याच काठावर वन्य प्राणी पाण्याला येतात. कुरणातील गवताला वाढायला उन्हाळ्याचे थोडेच आठवडे मिळतात. ते एकदा तुडवले गेले की सावरायला वर्षे लागतात. म्हणून पूर्वी तंबू लागलेली खडकाळ किंवा वाळूची उघडी जागाच निवडावी. भांड्यांचे खरकटे पाणीही ओढ्यात न टाकता दूर जमिनीवर पसरावे. अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या मजबूत डब्यात ठेवावे. अधिक उंचीवर शेकोटीस मनाई आहे. व्हिटनीच्या परिसरात तर मानवी विष्ठाही खास पिशवीत भरून खाली आणावी लागते.

हे नियम प्रथमदर्शनी जाचक वाटतात. परंतु वरच्या मुक्कामावर ओढ्यात जे मिसळते, ते खालच्या मुक्कामावरील अनोळखी माणसाच्या ओंजळीत येते. आपल्याकडील व्यापाऱ्यांनी बाजारपेठांत आणि रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाणपोया चालविल्या. सिएरात ही पाणपोई पर्वतानेच घातली आहे. ती निर्मळ राखण्याचे काम मात्र तेथे थांबणाऱ्या प्रत्येकाकडे येते.