छान दिसत होतास

दिवाळी पाडव्याच्या पहाटे प्रस्तुत लेखकाने पावणेदोन तास गिटार वाजवली आणि ती कोणालाही ऐकू आली नाही. कार्यक्रम संपल्यावर मावशी पुढे आली, हातात चिवड्याची पुडी ठेवली आणि म्हणाली, "छान दिसत होतास रे!" या गोष्टीला सहा वर्षं झाली. तो 'दिसत' अजून डाळीतल्या खड्यासारखा दाताखाली येतो.

नाशिकला पहाटेच्या मैफलींचं वेड आहे, पिंपळपारावरची पाडवा पहाट गावाबाहेरही ठाऊक आहे. हा कार्यक्रम तिथला नव्हे. गंगापूर रोडच्या बाजूला एका मैदानावर छोट्या मंडळाने केलेला. गायिका, हार्मोनियम, तबला, ढोलकी, बासरी, आणि कडेला लेखक.

त्याच्या गिटारमध्ये पिझो पिकअप होता. तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात, त्या सॅडलच्या खाली बसवलेला. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. पिझो त्याच तत्त्वावर चालतो. पण त्याला कळतो तो फक्त तारेचा दाब. गिटारच्या पोटात घुमणारी हवा, थरथरणारं लाकूड यातलं फारसं काही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जोरात छेडलं की रिकाम्या डब्याला रबर ताणून वाजवल्यासारखा आवाज येतो.

साउंड चेकला ए तार वाजली की स्पीकर हूं करून घुमायला लागत होता. त्याचंही कारण आहे. मोठ्या आकाराच्या गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि मोकळी ए तार ११० हर्ट्झची. वादकासमोरच्या मॉनिटर स्पीकरमधून तोच सूर परत पोटात शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर पडतो. गिटारच्या भोकात, म्हणजे साउंडहोलमध्ये, रबरी झाकण बसवलं असतं तर भागलं असतं. ते घरी राहिलं होतं. साउंडवाले दादा म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, मी बघतो."

त्यांनी काय बघितलं ते चार दिवसांनी मावसभावाच्या मोबाइलवर कळलं. एका गाण्यात मुखडा आणि अंतरा यांच्या मध्ये आठ मात्रांचा तुकडा फक्त गिटारचा होता. आठवडाभर बसवलेला. व्हिडिओत लेखकाचा हात सराईतपणे फिरतो, मान डोलते, डोळे मिटतात. ऐकू येतो तबल्याचा ठेका, बासरीवाल्याने घेतलेला श्वास, मागच्या झाडावरचा कावळा. गिटार नाही. चौथ्या मात्रेला कॅमेरा फिरून मिक्सरवर जातो. दादा चकली खात आहेत. लेखकाने या आठ मात्रा किती वेळा पाहिल्या, हे घरच्यांना विचारावं.

वाजवताना त्याला स्वतःला कसं कळलं नाही? छातीला टेकलेली गिटार वाजवणाऱ्याला नेहमीच ऐकू येते. हाडातूनही येते.

मग चांगल्या पिकअपचा शोध सुरू झाला. साउंडहोलमध्ये अडकवायचा चुंबकी पिकअप शिट्टी कमी मारतो, पण त्याला फक्त लोखंड कळतं. जाड तारांवरचं ब्राँझचं वेटोळं त्याच्या लेखी नसल्यासारखंच, त्यामुळे साध्या पोलादाच्या दोन बारीक तारा उगाच पुढे येतात. रॉक गायक कर्ट कोबेनलाही हा त्रास होता. १९९३ च्या 'एमटीव्ही अनप्लग्ड'मध्ये त्याच्या हातात मार्टिन डी-१८ई होती, कारखान्यातूनच चुंबकी पिकअप बसवून आलेली. त्याने साउंडहोलमध्ये आणखी एक वेगळा पिकअप लावून घेतला होता. ती गिटार २०२० मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली, म्हणजे गैरसोयीलाही भाव येतो.

ब्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवायचे पिकअप लाकडाचा आवाज छान पकडतात, पण बोट आपटलं तरी तेही पकडतात. माइक सगळ्यांत खरा. शुअरचा एसएम ५७ हा १९६५ पासूनचा साधा माइक बाराव्या पडद्यासमोर वीतभर अंतरावर ठेवला, तर गिटार गिटारसारखी ऐकू येते. भोकासमोर ठेवला तर नुसती घुमते. मात्र शेजारी ढोलकी असेल तर माइक ढोलकीच जास्त ऐकवतो. तेव्हा गिटार घेऊन दुकानात जाण्याआधी आपल्या शेजारी कोण बसतं ते पाहावं. घरगुती बैठकीला माइक, मैदानावर वायर. आणि पिझो थेट मिक्सरला जोडू नये. त्याला पुढे निदान दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, मिक्सरच्या लाइनला मिळतात दहा-वीस हजार. म्हणून मध्ये प्रीअँप हवा.

लेखकाच्या गिटारमध्ये प्रीअँप होता. नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारा.

वर्षभराने पिकअप बदलायला गेला तेव्हा कारागिराने सहज विचारलं, "वायर काढून ठेवता ना?" अशा गिटारला वेगळं बटण नसतं. जॅक आत गेला की सर्किट चालू, बाहेर काढला की बंद. लेखकाला पाडव्याची आदली रात्र आठवली. बारापर्यंत सराव, मग गिटार भिंतीला टेकवून झोप, वायर तशीच. ती एकच रात्र नव्हे, आठवडाभर रोज तसंच. पहाटे सेल अखेरच्या घटका मोजत असणार, आवाज फाटत असणार. दादांनी मिक्सरवरचा गिटारचा फेडर खाली ओढला नसता तर गाणंच बिघडलं असतं.

हे पटलं. राग मात्र पूर्ण गेला नाही. मान हलवून एक खूण केली असती, तर काय बिघडलं असतं? सेल बदलायला दोन मिनिटं लागतात. मध्यंतरही होतं.

मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका मैफलीला मिक्सरवर तेच दादा होते. लेखकाने नवा प्रीअँप, रबरी झाकण, स्वतःची वायर, सगळं मांडलं. दादा वायर घ्यायला वाकले आणि हळूच म्हणाले, "सेल नवा टाकलाय ना या वेळी?"

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं! लेखकाने हो म्हटलं, पाठ फिरवली आणि सेलचं झाकण उघडून पुन्हा एकदा पाहिलं.