कोरे रकाने

आमच्या परसात, माडांपासून लांब मोकळ्यावर, पर्जन्यमापक होता. अप्पा रोज सकाळी साडेआठला छत्री घेऊन तिकडे जात. वेळ वेधशाळेची: काल साडेआठपासूनचा पाऊस आजच्या तारखेला मांडायचा. आकडा वहीत, आणि रविवारी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने रेघ. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या रत्नागिरीत ती रेघ मृगात उठे आणि गणपती गेले तरी खाली बसायचं नाव घेत नसे. खरं तर रोजच्या पावसाचे खांब उभे करावेत, रेघ जोडू नये. हे मला पुढे कळलं. अप्पांना ऐकवायची हिंमत झाली नाही. काळ आडवा आणि आकडा उभा मांडलेल्या अशा रेघा विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने 1786 साली पुस्तकात छापल्या, हेही पुढेच कळलं. तोवर मला ती युक्ती अप्पांचीच वाटे.

अप्पा गेल्यावर 31 वर्षांच्या वह्या मी संगणकात उतरवल्या. अकरा हजारांवर दिवस. ब्राउझरमध्ये बोटाने मागेपुढे सरकवता येईल असा आलेख हवा होता, म्हणून जावास्क्रिप्टच्या लायब्ररी धुंडाळू लागलो. डी-थ्रीत मनासारखं काहीही घडतं, पण सगळं स्वतःच घडवावं लागतं. आणि दर दिवसाला एसव्हीजीचा एकेक ठिपका दिल्यावर ब्राउझर धापा टाकू लागला. यूप्लॉट इवलीशी, कॅनव्हासवर रंगवणारी, भलती चपळ. डायग्राफ्स जुनी, कालमालिकांसाठीच बनलेली.

आधी तारखांनी छळलं. नुसती 2005-07-25 अशी तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती ग्रीनिचची मध्यरात्र धरतं, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. अप्पा तेव्हा अंथरुणात असत.

मग एका जुलैत रेघ नऊ दिवस तळाला टेकलेली दिसली. पुनर्वसूत, रत्नागिरीत, नऊ दिवस कोरडे? वही काढली तर रकाने कोरे होते. रिकाम्या मजकुराचा आकडा करायला सांगितलं की जावास्क्रिप्ट निमूट शून्य देतं. लायब्ररीचा काही दोष नव्हता. रकान्यांत शून्याऐवजी 'नल' भरलं आणि रेघ तुटली. कागदावर अप्पांनीही तिथे पेन्सिल उचललेली होती. तुटलेली टोकं जोडायची सोय डायग्राफ्समध्ये आहे. मी ती बंदच ठेवली. कोपऱ्यातल्या चौकटीत सात लिहिलं की सात दिवसांची सरासरी काढून ती रेघ गुळगुळीतही करते. तिथेही एकच ठेवला. चपळाईत यूप्लॉट सरस, पण मला घाई कुठे होती? डायग्राफ्स ठेवली.

आईला दाखवलं. तिने त्या फटीवर बोट ठेवलं.

"हे तुझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी मुंबईस गेलात तेव्हाचं. मला मापायला सांगून गेले होते. मी कसली जात्ये पावसात!"

"मग आल्यावर?"

"विचारलंनी. मी म्हटलं, रोज धो धो पडत होता. तर म्हणाले, धो धो म्हणजे किती मिलीमीटर?"